टाकावरचा चेहरा

फोटो शाळेत आला तेव्हा साऱ्याजणी आधी आपापला चेहरा शोधू लागल्या. अनसूयानेही शोधला. मोठ्या बाई निवृत्त होणार म्हणून महिन्यापूर्वी पटांगणात हा फोटो काढला होता. पुढे खुर्च्यांची रांग, मागे उभ्या राहिलेल्यांची. व्हरांड्याच्या खांबाशेजारी आपण उभ्या होतो हे तिला आठवत होते. तिने खांब शोधला, त्याच्या कडेने बोट नेले, आणि तिथे तिला आई दिसली.

आई म्हणजे टाकावरची आई. दुसरी तिला ठाऊकच नव्हती. अंगठ्याच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर कोरलेले एका बाईचे तोंड आणि गळ्यापर्यंतचा भाग, एवढीच तिची आई. डावी भुवई उजवीपेक्षा किंचित वर चढलेली. हनुवटी निमुळती. ओठांच्या एका कोपऱ्यातून खाली उतरलेली बारीक रेघ, काहीतरी बोलायचे राहून गेल्यासारखी. हे सगळे फोटोत खांबाशेजारी होते, आणि त्याखाली अनसूयाचे चौकटीचे लुगडे होते. कोणीतरी म्हणाले की तुमचा चांगला आलाय हो, आणि ती हो म्हणाली. मग तास होता. सातवीच्या मुलींना भूगोल शिकवताना तिच्या लक्षात आले की फळ्यावर नदी काढता काढता आपला दुसरा हात गळ्याशी गेला आहे आणि ब्लाउजच्या आत ठेवलेला टाक कापडावरून चाचपतो आहे. संध्याकाळी पुण्यातल्या आपल्या खोलीवर येऊन तिने आरसा खिडकीत आणला. आरशात वर चढलेली भुवई दुसऱ्याच बाजूला होती. त्यामुळेच इतकी वर्षे ओळख पटली नव्हती. आरशातला चेहरा माणसाचा स्वतःपुरता असतो; समोर बसून दुसरा कोणी पाहतो तो वेगळा. फोटोतल्यासारखी ती फक्त दुसऱ्यांना दिसत होती. आणि टाकावरची बाई दुसऱ्यांना दिसणाऱ्या अनसूयासारखी होती. मुलगी आईच्या वळणावर गेली, यात घाबरण्यासारखे काय, असे तिने स्वतःला विचारून पाहिले. पण लहानपणापासून लोणावळ्याच्या बाजारात जो तो तिच्याकडे पाहून एकच सांगत आला होता: पोर बापाची, आईचे काही घेतले नाही हिने. ऐकून ऐकून तिला ते आपल्या हातून घडलेले काहीतरी वाटू लागले होते. तिने आरसा भिंतीवर लावला आणि त्या रात्री कंदील जरा मोठाच ठेवला.

तिच्या वडिलांचे, त्र्यंबकशेटचे, लोणावळ्याच्या बाजारपेठेत सोनाराचे दुकान होते. सोनाराचे म्हणायचे, पण काम बहुतेक चांदीचे. मावळातल्या बाया बाजाराच्या दिवशी येत, त्यांना वाक्या, तोडे, जोडवी लागत आणि देवघरात पुजायला टाक लागत. पितरांचे टाक करायला दुकानात पितळी ठसे होते. ठशावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वर शिसे ठेवून ठोकायचे, की पत्र्यावर माणूस उठत असे. पुरुषाचा ठसा एक, बाईचा एक. मावळातल्या सगळ्या मेलेल्या बाया सारख्याच दिसत, वाटोळ्या डोळ्यांच्या, हात अंगाशी धरलेल्या. देवघरात बसल्यावर माणसाला चेहरा लागत नाही, असे बाबा गिऱ्हाइकांना समजावत. मानमोडीच्या साथीत अनसूयाची आई गेली. अनसूया तेव्हा नुकती चालायला लागली होती. वर्षाच्या आत बाबांनी दुसरे लग्न केले आणि त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे दुसरीच्या गळ्यात घालायला पहिलीचा टाक करायची वेळ आली. तेव्हा मात्र ते ठशाकडे गेले नाहीत. त्यांनी राळेच्या गोळ्यावर पत्रा बसवला आणि छिन्नी घेऊन हाताने चेहरा कोरला. नातेवाईक हसले. सवतीच्या टाकाला एवढे कशाला, असे म्हणाले. आंबीच्या एका गरीब सोनाराची बयाबाई तो टाक काळ्या दोऱ्यात, मंगळसूत्राच्या बरोबर, गळ्यात घालून घरात आली. अनसूयाने तिला मावशी म्हणायचे असे ठरले.

मावशी आधी ऐकू यायची, मग दिसायची. ती वाकली की टाक हंड्याच्या काठावर टिण् करून वाजे. चुलीपुढे वाजे, पाट्यावर वाजे, देवापुढे वाजे. नवे लुगडे आले की त्याचा पदर आधी टाकाला लावायचा, जेवताना पहिला घास टाकापुढे धरायचा, बांगड्या भरल्या की एक बांगडी टाकाला टेकवायची, ही रीत होती. बाकीच्या बाया ती उरकून टाकत. मावशी प्रत्येक वेळी अगदी हलक्या आवाजात म्हणे, "अक्का, घ्या." मग थोडे थांबे, खरेच कोणी घेत असल्यासारखे. लहान अनसूया तिच्या मांडीशी उभी राहून विचारी की आई काय म्हणाली, आणि मावशी मान तिरकी करून ऐकल्यासारखे करी आणि सांगे, "म्हणतात, अनूच्या डोक्यात उवा झाल्यात, आज सुटका नाही." कधी सांगे की अक्का म्हणतात भाजीत मीठ कमी आहे, पण बयाला बोलू नका, नवी आहे बिचारी. अनसूया हसे. हसताना तिची नजर त्या चांदीच्या तोंडावर असे. ते तोंड हसते का, हे तिला पाहायचे असे. झोपताना ती मावशीच्या कुशीत शिरून टाक मुठीत धरी आणि अंगठ्याने चेहरा चोळत राही. कपाळ, नाक, ओठ, पुन्हा कपाळ. अंगठा थांबला की मावशीला कळे, पोर झोपली.

आता मावशीला जाऊन वर्ष होत आले होते. गेल्या वैशाखात, दोनच दिवसांच्या तापाने. दहाव्याला अनसूयाने केशवकडे टाक मागून घेतला होता, आणि मावशीच्या पोटच्या त्या मुलाने, तिच्या धाकट्या भावाने, काही न विचारता दिला होता. पण वर्षश्राद्धाच्या आत तो परत न्यायला हवा होता. दोघी गेल्या की पहिलीचा टाक वितळवायचा, त्याच चांदीत थोडी नवी घालून दोघींचा मिळून एक टाक करायचा, आणि तो देवघरात ठेवायचा, अशी त्यांच्या घरची रीत. म्हणजे सवती शेवटी एकाच पत्र्यावर शेजारी शेजारी उभ्या राहत. पुण्याला आलेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर केशवने निरोप पाठवला होता की ताईने शनिवारी यावे, मूस तयार ठेवतो. निरोप आला तेव्हा तिला फारसे काही वाटले नव्हते. फोटो त्यानंतर आला.

शनिवारच्या गाडीत ती खिडकीशी बसली. तळेगाव गेले, वडगाव गेले. उन्हाने शेते पांढरी पडली होती आणि डोंगराच्या कडा इतक्या स्पष्ट दिसत होत्या की कोणीतरी पत्रा कापून उभे केल्यासारखे वाटावे. तिने टाक रुमालातून काढून तळहातावर घेतला. गेले वर्षभर तिने तो पुष्कळदा असा घेतला होता. वाचता वाचता पुस्तकात बोट ठेवून ती तो दुसऱ्या हाताने चाचपत बसे. पण आज अंगठा त्याच्यावर ठेववेना. आज ते तोंड तिच्याकडे पाहत होते, आणि पाहणाऱ्याला तिच्याविषयी तिच्याहून जास्त माहीत होते. ओठांच्या कोपऱ्यातली ती रेघ तिने नखाने चाचपली. ती बाकीच्या रेघांपेक्षा उजळ होती, धारदार होती. आई तिशीही न गाठता गेली, असे सगळे म्हणत. मग ही रेघ कधीची? समोरच्या बाकावरची म्हातारी, काय गं, डोळ्यात कचरा गेला का, म्हणून विचारू लागली, तेव्हा अनसूयाने मान हलवली आणि टाक पुन्हा रुमालात बांधला. कामशेत गेले. कार्ल्याचा डोंगर आला. लहानपणी कोणी ओरडले की ती दुकानाच्या मागच्या बाजूला राळेच्या वासात जाऊन बसत असे. त्या वासाची तिला आत्ता गाडीतच आठवण झाली, आणि त्याच्या मागोमाग टिण् असा आवाज खरोखर ऐकू आला. ती वळली. कोणाच्या तरी डब्याचे झाकण पडले होते.

बाबा गेल्यापासून दुकान केशवच पाहत होता; ती पोचली तेव्हा तो एकटा नव्हता. बेडशाची धोंडाबाई पायरीवर पाय सोडून बसली होती. ती अनसूयाच्या आजोळची, आईच्या बरोबरीची. वर्षातून एकदोनदा बाजाराला आली की दुकानावर टेकल्याशिवाय जात नसे. तिने दंडातली वाकी काढून केशवपुढे ठेवली होती. दंड वाळला, वाकी कोपरावर उतरते, दाबून दे, असे तिचे म्हणणे होते. केशव म्हणत होता की धोंडाबाई, दाबली तर चिरेल, जुनी चांदी आहे. आणि ती म्हणत होती की मग दंड जाड करून दे, ते जमंल का तुला. अनसूयाला पाहून तिने हातानेच जवळ बसवले. पाठीवरून हात फिरवला. बयाबाईच्या आठवणी काढल्या. माझी वाकी तिनंच मागं एकदा नीट केली होती, तुज्या बापाला पत्ता नव्हता, असेही बोलता बोलता म्हणाली. अनसूयाने ते ऐकले, पण त्यातून काही उमगले नाही. तिच्या मनात दुसरेच होते. तिने रुमाल सोडला आणि टाक धोंडाबाईच्या हातात दिला.

म्हातारीने तो लांब धरला, मग जवळ आणला, मग उन्हाच्या बाजूला केला.

"ही कोन म्हनायची?"

"आई," अनसूया म्हणाली. "माझी आई."

धोंडाबाई हसली. तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. "पोरी, तुज्या आयचं तोंड भाकरीवानी गोल. आन देवीचं वण हे असं, गालभर. हसली की वण बी हसायचं. हितं कुटं हायेत वण? ही तर तू हायेस."

 देवीचे व्रण. हे बाबांनी कधी सांगितले नव्हते. आईविषयी विचारले की ते शेगडीतल्या निखाऱ्यांवर फुंकणी लावत, आणि तोंडात फुंकणी असलेल्या माणसाला उत्तर द्यावे लागत नाही. तिने टाक परत घेतला. कानाच्या खाली, पत्र्याच्या कडेच्या अगदी लगत, दोनतीन बारीक टिंबे होती. ती टिंबे कुडीच्या मोत्यांची असावीत असे तिने लहानपणी ठरवून टाकले होते आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे पाहिले नव्हते. आता तिने पाहिले. ती गालावर होती. तेवढीच राहिली होती. बाकीचा गोल गाल, ते व्रण, बाबांनी हाताने कोरलेले ते सगळे तोंड कुठे गेले, हे कळायला तिला कोणाला विचारावे लागले नाही. तिचा अंगठा ते जाणत होता. कपाळ, नाक, ओठ, पुन्हा कपाळ. कित्येक रात्री. रिठ्याच्या पाण्याने चांदी जितकी झिजत नाही तितकी लेकराच्या अंगठ्याने झिजते.

धोंडाबाई वाकी घालून, केशवला दोन शब्द सुनावून निघून गेली. पायरीवर तिच्या पायांची धूळ राहिली. केशवने शेगडीत कोळसे घातले. मूस बाजूला ठेवलेलीच होती. तो बाबांसारखाच बसत असे, एक पाय दुमडून, एक गुडघा वर. दे, म्हणून त्याने हात पुढे केला. अनसूयाने टाक दिला नाही. तिने फोटो काढून त्याच्यापुढे धरला आणि खांबाशेजारी बोट ठेवले. केशवने फोटो पाहिला, टाक पाहिला, आणि त्याला काहीच नवल वाटले नाही. उलट तिचेच नवल वाटले.

"ताई, तुला माहीत नव्हतं? आई करायची ते."

मग त्याने हातातले काम बाजूला ठेवून सांगितले. टाक पुसट झाला तेव्हा आईने, म्हणजे मावशीने, तो बाबांपुढे धरला होता, पुन्हा कोरून द्या म्हणून. बाबांनी छिन्नी उचलली, बराच वेळ तसेच बसले, आणि खाली ठेवली. मला आता दिसत नाही, म्हणाले. डोळे तेव्हा चांगले होते त्यांचे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून आडवे झाल्यावर आई स्वतः राळेपुढे बसली. आंबीला तिच्या बापाचे हात थरथरत, त्यामुळे नक्षीचे काम लेकीच करायच्या. बाहेर बोलत नसत. बाबांनी पाहिले, काही म्हणाले नाहीत. आणि मग ती दरवर्षी बसायची. "तू दिवाळीची सुट्टी संपवून गाडीत बसलीस की दुसऱ्या दिवशी. तोंड ताजं आहे तोवर करून टाकते, म्हणायची. मला वाटायचं, तुला सांगत असेल." त्याने छिन्न्यांच्या डब्यात हात घातला आणि एक बारीक छिन्नी काढली. बाकीच्या छिन्न्यांच्या मुठी उघड्या होत्या. हिच्या मुठीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती, घामाने काळी झालेली.

जिला कधी पाहिले नाही तिचा चेहरा काढायचा होता, आणि त्या चेहऱ्याचे जगात काही उरले असेल तर ते या पोरीत, असा हिशेब मावशीने केला असणार. तो हिशेब चुकला होता. पोर बापाची होती. गाव ओरडून सांगत होते, पण मावशीने ते मानले नाही. वर्षावर्षाला ती लेकीच्या तोंडातून सवत शोधत राहिली. मुलगी मॅट्रिक झाली तशी टाकावरच्या बाईची हनुवटी निमुळती झाली. पुण्याला एकटी राहू लागली तशी भुवई चढली. मावशीच्या शेवटच्या दिवाळीला ओठाच्या कोपऱ्यात रेघ आली. ती रेघ अनसूयाने स्वतः आरशात अजून पाहिली नव्हती, आणि मावशीने पाहिली होती. अनसूयाला आठवले की त्या दिवाळीत फराळाचे ताट हातात देताना मावशी जरा जास्त वेळ थांबली होती. काय गं, असे आपण विचारले होते. काही नाही, ती म्हणाली होती. आणि त्यानंतर रोज, लुगड्याचा पदर लावताना, घास धरताना, ती ज्या तोंडाला अक्का, घ्या म्हणत आली, ते तोंड कोणाचे होते? पुण्यात खानावळीच्या ताटापुढे आपण एकट्या बसत होतो त्या वेळी लोणावळ्यात कोणीतरी पहिला घास आपल्यापुढे धरत होते. अनसूयाच्या अंगावर काटा आला. भीती नव्हे ती, पण भीतीच्या इतकी जवळची की तिने हाताने पायरीची कड धरली.

शेगडी फुलली होती. केशवने हळूच विचारले की मग काय करायचे. हा वितळवायचा नसेल तर राहू दे, पण आईच्या टाकात अक्काची चांदी गेली पाहिजे, रीत मोडायला मला नको वाटते. अनसूयाने टाक उलटसुलट केला. दोऱ्याने घासून घासून वरची कडी सुतासारखी झाली होती. आजउद्या तुटलीच असती. ती म्हणाली की कडी घे. केशवने थोडा विचार केला, मग कात्रीने कडी कापली. मुशीत नव्या चांदीबरोबर ती टाकली तेव्हा दोघेही पाहत होते. ती आधी लाल झाली, मग कडेने मऊ पडली, आणि मग कडी आणि चांदी निराळी दाखवता आली नसती. रस ओतला, थंड केला, ऐरणीवर ठोकून पत्रा केला. केशवच्या बायकोने, चंद्रिकेने, आतून चहा आणून ठेवला, तो निवला. पत्रा घासून झाल्यावर केशवने सवयीने बाईचा पितळी ठसा ओढला.

"ठसा नको," अनसूया म्हणाली.

त्याने ठसा ठेवला. राळ तापवून पत्रा तिच्यावर बसवला, पट्टीवाली छिन्नी हातात घेतली आणि वाट पाहू लागला. मला नुसते आठवून काढता येत नाही, म्हणाला, ठशाची सवय. तू सांग, मी काढतो. अनसूयाने डोळे मिटले. आधी आवाज आला, टिण्. मग रिठ्याचा वास. मग गळा आला, उन्हाने काळवंडलेला, त्यावरचा काळा दोरा, मंगळसूत्राचे मणी, दोऱ्यात लोंबणारी चांदी. तिने नजर वर न्यायचा प्रयत्न केला. गळ्याच्या वर काही नव्हते. पुन्हा प्रयत्न केला; उवा काढणारे हात आले, ताट देणारे हात आले, तिरकी होणारी मान आली, आणि मान जिथे संपते तिथे उजेड होता, नुसता, कोऱ्या पत्र्यासारखा. इतकी वर्षे ती त्या छातीपाशी उभी होती आणि टाकाकडे पाहत होती. आणि त्या सगळ्या वेळात वरून कोणीतरी तिच्याकडे पाहत होते.

बाजारातली वर्दळ कमी झाली होती. रस्त्यापलीकडच्या दुकानावरचे ऊन सरकून आता यांच्या पायरीवर आले होते. केशव छिन्नी घेऊन तसाच बसून होता. वर केलेला गुडघा, खाली वाकलेली मान. त्याला काही आठवते का, हे तिने विचारले. आई कामात असायची गं, तो म्हणाला. तिने त्याच्या हातातून छिन्नी काढून घेतली. पट्टी तिच्या तळहातात बसली. राळेचा गोळा तिने स्वतःपुढे ओढला.

"केशव, जरा उजेडाकडे तोंड कर."

तो कसनुसा हसला. "माझं? मी तर बाबांसारखा आहे. सगळे म्हणतात."

"माझ्याबद्दलही म्हणायचे."

त्याचे हसू ओसरले. त्याने रस्त्याकडे तोंड फिरवले, आणि ऊन कपाळावर आले म्हणून मान किंचित तिरकी केली, कोणाचे तरी ऐकत असल्यासारखी. अनसूयाने छिन्नी पत्र्याला टेकवली.